मोरचुदाचा हिशोब मेंढीच्या काळजात

द्राक्षाचा हंगाम आला की आपल्याकडं चर्चा ठरलेल्या. दर काय फुटला, अवकाळीनं किती नेलं, बेदाण्याचा सौदा कसा निघाला, युरोपला कंटेनर किती गेले. फवारणीचा विषय निघालाच तर खर्चाचा निघतो, नाहीतर मण्यात औषधाचा अंश किती राहिला याचा. पण त्याच बागेतल्या गवतावर जी मेंढरं तोंड घालतात, छाटणीचा पाला ज्या शेळीपुढं पडतो, त्यांच्या लिव्हरमध्ये काय साठतं हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. तालुक्याच्या गावी पत्रकारिता करतो, वीस वर्षं द्राक्षाच्या बातम्या लिहितोय, म्हणून हे ठामपणानं सांगतो.

हा विषय जगात नवा नाही. बुरशीनाशकं आणि जनावराचं यकृत यांची गाठ जवळजवळ शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. ती गोष्ट आज सांगतो. पोस्ट मोठी आहे. पण बागायतदार आणि मेंढपाळ दोघांनीही वाचावी, कारण नुकसान एकाचं आणि औषध दुसऱ्याचं असा हा मामला आहे.

*त्रिकोणाचा रंग काय सांगतो*

आधी एक समज दूर करू. कीटकनाशक म्हणजे विष आणि बुरशीनाशक म्हणजे सौम्य औषध, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. कृषी सेवा केंद्रात विचारलं की उत्तर येतं, "ह्यानं काय होत नाही, बिनधास्त मारा."

हा समज कुठून आला? बाटलीवरच्या त्रिकोणातून. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बऱ्याच बुरशीनाशकांवर निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. पण हा रंग कशावरून ठरतो? औषध एकदम पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर प्रयोगशाळेतले निम्मे प्राणी मरायला किती मात्रा लागते, यावरून. म्हणजे तो एका दिवसाच्या विषबाधेचा रंग आहे. रोज थोडं थोडं, महिनोन् महिने पोटात गेलं तर काय होईल, हे त्या त्रिकोणात लिहिलेलं नसतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. राज्य हादरलं, चौकशी झाली. ते मरण दिसणारं होतं. यकृताचं दुखणं दिसत नाही. यकृत हा गप्प बसणारा अवयव आहे. तीन चतुर्थांश निकामी होईपर्यंतसुद्धा जनावर चरतं, दूध देतं, बाजारात भाव खातं. म्हणूनच हा इतिहास नीट वाचावा लागतो.

*चोरांसाठी केलेलं निळं पाणी*

तांब्यानं बुरशी मरते, हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं फ्रान्सच्या बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी, १८०७ साली. गव्हाच्या काणीवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की तांब्याच्या संपर्कात आलेल्या पाण्यात काणीची बीजं रुजत नाहीत. त्यानंतर बियाण्याला मोरचुदाचं पाणी लावायची पद्धत युरोपात पसरली.

द्राक्षाकडं मोरचूद आलं ते पाऊणशे वर्षांनी, आणि तेही अपघातानं. १८६० नंतर फिलॉक्झेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा खाल्ल्या. उपाय म्हणून अमेरिकेतून द्राक्षाचे खुंट मागवले. त्या खुंटांबरोबर केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये दिसला आणि चार-पाच वर्षांत सगळीकडं पसरला.

१८८२ च्या सुमारास बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातल्या बागांमधून फिरत होते. सगळी बाग पानगळ होऊन उघडी पडलेली, आणि रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार. त्या ओळींवर निळसर डाग होते. चौकशी केली तेव्हा कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून बागवाल्यांनी मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला होता. माल विषारी दिसावा, एवढाच हेतू. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायों यांच्या साथीनं त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

म्हणजे या औषधाचा जन्मच 'हे विष आहे, खाऊ नका' हे सांगण्यासाठी झाला होता. माणसाला ते समजलं. मेंढीला समजायचा प्रश्नच नव्हता.

आपल्या बाजूला हे मिश्रण लवकर पोचलं. म्हैसूर संस्थानात १९१० च्या सुमारास डॉ. लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डोची फवारणी रुजवली. कोकणात, गोव्यात, कारवारकडं आजही पावसाळ्याच्या तोंडावर माणसं सुपारीवर चढून हेच निळं पाणी मारतात. घाटावर द्राक्षाला केवडा-करपा, डाळिंबाला तेल्या, सगळीकडं बोर्डो आहे. एक टक्का म्हटलं की एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण जमलं का बघायला विळा किंवा खिळा बुडवायचा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. ही परीक्षा आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत आहे.

*पोर्तुगालचे निळे फुप्फुस*

बोर्डो येऊन ऐंशी वर्षं झाली तरी ते निरुपद्रवीच मानलं जात होतं. पहिला मोठा धक्का दिला पोर्तुगालनं. १९६९ मध्ये पिमेंटेल आणि मार्केस या डॉक्टरांनी एक नवा व्यवसायजन्य आजार नोंदवला. पाठीवर पंप घेऊन वर्षानुवर्षं द्राक्षबागा फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसात गाठी होत्या, त्या गाठींमध्ये तांबं होतं आणि फुप्फुसावर निळसर चट्टे होते. कारण पक्कं करण्यासाठी त्यांनी गिनिपिगना बोर्डोच्या फवाऱ्यात ठेवलं. त्यांच्या फुप्फुसात तशाच गाठी झाल्या.

मग त्यांचं लक्ष यकृताकडं गेलं. १९७५ मध्ये अशा रुग्णांच्या यकृतात तांबं भरलेल्या गाठी सापडल्याची नोंद झाली. १९७७ मध्ये तीस फवारणी मजुरांचा अभ्यास आला. कुणी तीन वर्षं फवारणी केलेली, कुणी तब्बल पंचेचाळीस वर्षं. त्यांच्या यकृतात गाठी, तंतुमय कठीणपणा, काहींत सिरॉसिस आणि यकृताच्या रक्तवाहिन्यांचा कर्करोगसुद्धा आढळला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. युरोपच्या द्राक्षबागांत तांब्याशिवाय दुसरी विषंही होती. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात किडींसाठी आर्सेनिक मारलं जायचं. १९४२ मध्ये ते बंद झालं, पण त्यानंतरही कित्येक वर्षं तिथल्या बागायतदारांना यकृताचे आजार होत राहिले. त्यामुळं द्राक्षबागेतलं प्रत्येक खराब यकृत तांब्याच्या नावावर टाकता येत नाही. पोर्तुगालच्या अभ्यासाचं मोल यासाठीच की तिथं गाठीच्या आत तांबं प्रत्यक्ष दाखवता आलं.

*मेंढीचं काय वेगळं आहे*

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येऊ.

तांबं हे काही नुसतं विष नाही. माणसाला, गाईला, कोंबडीला ते थोडं लागतंच. मोरचूद तर मेंढपाळाचं जुनं औषध. पाय कुजले की मोरचुदाच्या पाण्यातून मेंढ्या चालवायच्या. एके काळी पोटातल्या जंतांवरही मोरचुदाचं पाणी पाजायची शिफारस होती. मग प्रश्न कुठं येतो?

प्रश्न मेंढीच्या यकृतात आहे. गाय किंवा डुक्कर यांच्या पोटात जादा तांबं गेलं तर बरंचसं पित्तावाटे बाहेर टाकलं जातं. मेंढीला ते नीट जमत नाही. मेंढीचं यकृत तांबं धरून ठेवतं. पाळीव जनावरांत तांब्याला सगळ्यात नाजूक जनावर म्हणजे मेंढी. शेळी तिच्यापेक्षा काटक, गाय-म्हैस आणखी काटक. मेंढ्यांतही जातीजातीत फरक आहे. युरोपात टेक्सेल जातीची मेंढी लवकर बळी पडते, स्कॉटिश ब्लॅकफेस बरीच तग धरते.

मेंढीच्या यकृतात हे तांबं आठवडे, महिने साठत राहतं. बाहेरून काही कळत नाही. आणि मग एक दिवस काहीतरी ताण पडतो. लांबचा प्रवास, उपासमार, गाभणपण, पावसात भिजणं, लोकर कातरणी. यकृताच्या पेशी फुटतात, साठलेलं तांबं एकदम रक्तात येतं आणि तांबड्या पेशी फोडायला लागतं. मेंढी मान टाकते, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी लाल-काळी होते. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. कापून बघितलं तर मांस पिवळं, यकृत ठिसूळ आणि मूत्रपिंडं बंदुकीच्या नळीसारखी निळसर काळी. पशुवैद्यकाच्या पुस्तकात ही खूण ठळकपणे दिलेली असते.

कारण आणि परिणाम यांत महिन्यांचं अंतर पडतं, हीच या आजाराची खरी लबाडी आहे. फवारणी आषाढात झालेली, मेंढी मेली दिवाळीनंतर वाटेत. कोण कुणाला जबाबदार धरणार?

आकडा बघा. युरोपात मेंढीच्या खाद्यात एका किलोमागं १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं चालत नाही, असा नियम आहे. मोरचुदात पाव भाग तांबं असतं. म्हणजे एक टक्का बोर्डोच्या एका लिटरमध्ये अडीच हजार मिलिग्रॅम तांबं. अर्थात मेंढी काही बोर्डो पीत नाही, आणि गवतावर पडतं ते थेंबभरच. शिवाय पोटात गेलेलं सगळं तांबं अंगी लागत नाही. पण मर्यादा किती लहान आणि औषध किती तीव्र, याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या पशुवैद्यकांनी एक प्रकरण प्रसिद्ध केलं. फळझाडांवर बुरशीसाठी मोरचूद फवारलेलं, त्या भागात मेंढ्या चरलेल्या, आणि निदान निघालं तांब्याची दीर्घकालीन विषबाधा. युरोपात अलीकडं तण खायला बागेत मेंढ्या सोडायची जुनी पद्धत पुन्हा येतेय. तिथं बागवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, तांबं कधी आणि किती मारलंय? बोर्डो प्रांतातल्या जुन्या बागांच्या मातीत एका किलोत शेकडो मिलिग्रॅम तांबं साठलंय. म्हणून २०१९ पासून युरोपियन युनियननं तांब्यावर मर्यादा घातली आहे. सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, बस्स. ही मर्यादा सेंद्रिय शेतीलाही लागू आहे. बोर्डो सेंद्रियमध्ये चालतं म्हणून ते जनावराला निर्धोक, हा आपल्याकडचा दुसरा गैरसमज.

आणखी एक गुंता. यकृत आधीच दुखावलेलं असेल तर ते तांबं जास्तच धरतं. ऑस्ट्रेलियात हेलिओट्रोप नावाचं विषारी तण खाऊन मेंढ्यांची यकृतं बिघडायची, मग त्याच यकृतात तांबं साठायचं आणि कळपच्या कळप कावीळ होऊन मरायचे. आपल्याकडं माळावर घाणेरी आहे. तीही यकृतालाच धरते. दुष्काळात दुसरं काही नाही म्हणून जनावर घाणेरीला तोंड लावतं, आणि पाऊस पडला की बागेतल्या हिरव्या गवताला.

*तुर्कस्तानचा गहू*

तांबं सोडून दुसऱ्या बुरशीनाशकाकडं येतो, कारण यकृताच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान तिथं आहे.

१९५५ ते १९५९. आग्नेय तुर्कस्तान. सरकारनं शेतकऱ्यांना गव्हाचं बियाणं वाटलं. काणी येऊ नये म्हणून त्याला हेक्झाक्लोरोबेन्झिन हे बुरशीनाशक लावलेलं होतं. घरात धान्य नव्हतं. लोकांनी पेरायचं बियाणं दळून खाल्लं.

काही महिन्यांत माणसांच्या, विशेषतः मुलांच्या अंगावर उन्हात फोड यायला लागले. चेहरा काळवंडला, कपाळावर-गालांवर केस वाढले, लघवी लाल झाली. हा पोर्फिरिया. रक्तातलं हीम बनवायच्या साखळीतलं यकृतातलं एक विकर बंद पडलं की होणारा आजार. तीन ते चार हजार माणसं आजारी पडली. विषारी गहू खाल्लेल्या आयांचं दूध पिणारी दोन वर्षांखालची बाळं तर जवळजवळ सगळीच गेली. काही गावांत त्या वयाचं मूलच उरलं नाही. तिथल्या लोकांनी बाळांच्या त्या आजाराला 'गुलाबी फोड' असं नाव दिलं होतं.

कारण गव्हातच आहे हे ओळखायला वेळ गेला. १९५९ मध्ये त्या औषधाचा वापर थांबला आणि नवे रुग्ण कमी झाले. १९६१ मध्ये उंदरांना हेच औषध देऊन शास्त्रज्ञांनी तसाच पोर्फिरिया निर्माण करून दाखवला. पण ती माणसं बरी झाली नाहीत. वीस-पंचवीस वर्षांनी तपासलं तेव्हाही कित्येकांच्या अंगावर खुणा होत्या आणि बायकांच्या दुधात ते औषध उतरत होतं. २००१ च्या स्टॉकहोम करारात जगानं ज्या पहिल्या बारा रसायनांवर बंदी घालायचं ठरवलं, त्यात हेक्झाक्लोरोबेन्झिन होतं.

मेंढीची लाल लघवी आणि त्या मुलांची लाल लघवी यांची कारणं वेगळी आहेत. मेंढीच्या लघवीत फुटलेल्या रक्तपेशींचा रंग, मुलांच्या लघवीत अर्धवट बनलेल्या हीमचा. पण दोन्हीकडं सुरुवात यकृतात झाली, आणि दोन्हीकडं माणसांना ते लघवीचा रंग बदलल्यावरच कळलं.

*नवीन डबे, जुना अवयव*

"ते जुनं झालं, आता औषधं सुधारलीत," असं कुणी म्हणेल. सुधारलीत, हे खरंच. पण नव्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल काढले तर एक शब्द परत परत भेटतो, यकृत.

मॅन्कोझेब घ्या. आपल्याकडं द्राक्ष, बटाटा, टोमॅटो, सगळ्याला चालतं. ते शरीरात गेलं, शिजवताना तापलं किंवा जुनं झालं की त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचं द्रव्य बनतं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल आला. हे द्रव्य दिलेल्या उंदरांत थायरॉइडच्या आणि छोट्या उंदरांत यकृताच्या गाठी आढळल्या होत्या. बेनोमिल आणि त्याचंच पुढचं रूप कार्बेन्डाझिम, यांच्या दीर्घ चाचण्यांतही छोट्या उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. बेनोमिल बनवणाऱ्या कंपनीनं २००१ मध्ये ते स्वतःच बाजारातून काढून घेतलं. भुरीसाठी आपण मारतो ती प्रोपिकोनाझोल, हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोलसारखी 'कोनाझोल' औषधं बुरशीच्या एका विकरावर घाव घालतात. तशाच कुळातली विकरं प्राण्याच्या यकृतातही आहेत. त्यामुळं प्रयोगातल्या उंदरांचं यकृत मोठं होणं, पेशी फुगणं हा या गटाचा ठरलेला परिणाम आहे.

यावरून लगेच 'द्राक्ष खाल्लं की कर्करोग' असा मथळा करायचा नाही. चाचणीतल्या उंदराला दिलेली मात्रा आपल्या ताटातल्या अंशापेक्षा फार मोठी असते. उंदराचं यकृत आणि माणसाचं यकृत सारखं वागतंच असंही नाही. सुरक्षित मर्यादा ठरवताना मोठं अंतर राखलेलं असतं. पण ते सगळं अंतर माणसाच्या ताटासाठी मोजलेलं आहे. धुतलेल्या मण्यासाठी. जे जनावर फवारलेला पालाच भाकरीसारखं खातं, त्याच्यासाठी नव्हे.

*आपण काय मोजतो*

इथं आपल्या गावाकडं यायला हवं.

सांगली जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग म्हणजे द्राक्षाचं आगर. त्याला लागून जत, आटपाडी म्हणजे मेंढरांचा मुलूख. माडग्याळी मेंढी जगाला माहीत झाली ती जत तालुक्यातूनच. पाणी येईल तसं द्राक्ष आणि डाळिंब पूर्वेकडं सरकत गेलं आणि चराईची रानं कमी झाली. आता मेंढपाळाला बागेच्या बांधावरून जाण्यावाचून वाट नाही.

एप्रिलला खरड छाटणी होते. पावसाळ्यात काडी जपायला बोर्डोचे हात मारले जातात. त्याच वेळी दोन ओळींमध्ये गुडघ्याएवढं गवत असतं. मांडवावरून ओघळलेलं सगळं त्या गवतावर पडतं. बागायतदाराला वाटतं, मेंढरं आली तर तण जाईल, लेंडीखत मिळेल. मेंढपाळाला वाटतं, चारा मिळाला. दोघांचाही हेतू चांगलाच.

एका म्हाताऱ्या मेंढपाळ नानांना विचारलं, बागेत मेंढरं घालता का? ते म्हणाले, "पाव्हणं, हिरवं दिसलं की जनावर तोंड घालतंयच. वर काय मारलंय ते त्याला काय ठावं? आन् बागवाला तरी आमाला कुठं सांगतोय?" मेंढी मेली की काय करता, तर म्हणाले, "काय करायचं? लाल मुतली की आमी म्हणतो गोचडीचा ताप."

यात नानांची चूक काय? गोचीड तापातही लघवी लाल होते, कावीळही दिसते. रानात, रात्रीच्या वेळी, डॉक्टर दहा कोस लांब असताना माणूस जे माहीत आहे तेच म्हणणार.

आता दुसरी बाजू बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा काय धावपळ झाली होती, आठवतंय ना? ते बुरशीनाशक नव्हतं, पण धडा सगळ्यांनीच घेतला. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी आहे, फवारणीची वही आहे, नमुना प्रयोगशाळेत जातो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कुठलं औषध काढणीआधी किती दिवस थांबवायचं याची यादी देतं. शेतकऱ्याला ती पाठ असते. ही व्यवस्था चांगलीच आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्यानं कष्टानं कमावली आहे. पण ती मण्यासाठी आहे. त्या वहीत तारीख असते, औषध असतं, मात्रा असते. बागेत जनावर कधी घातलं, पाला कुणाच्या शेळीनं खाल्ला, याचा रकाना मी पाहिलेल्या एकाही वहीत नाही.

केंद्राचंही बघा. मे २०२० मध्ये सरकारनं २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, कॅप्टन, थायरम, झायरम ही बुरशीनाशकं होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती चार औषधांवर. भुरीवर वापरलं जाणारं डिनोकॅप तेवढं त्यात सापडलं. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम सुटली. तिकडं युरोपनं २०२० मध्येच मॅन्कोझेबचा परवाना पुढं चालवायला नकार दिला होता.

आणि तरीही मी 'सगळं बंद करा' असं म्हणणार नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसानंतर केवड्यानं बागा कशा बसवल्या, ते ज्यानं पाहिलंय तो असं म्हणूच शकत नाही. चार दिवस ढग राहिले की वर्षाची कमाई जाते. कर्ज बागायतदाराच्या डोक्यावर असतं, सल्ला देणाऱ्याच्या नव्हे. औषध मारावंच लागेल. पण मारलंय हे सांगायला काय खर्च येतो?

*करता येण्यासारखं*

बागायतदारांनी तीन गोष्टी कराव्यात. फवारलेल्या बागेत मेंढ्या घालू नयेत, विशेषतः बोर्डो किंवा तांब्याचं कुठलंही औषध मारलं असेल तर. पाऊस पडून औषध धुतलं गेलं असं समजू नये, तांबं धुऊन खाली गवतावर आणि मातीतच जातं. छाटणीचा पाला शेळी-मेंढीपुढं टाकण्याऐवजी बागेतच कुट्टी करून गाडावा. टाकी आणि पंप धुतलेलं पाणी जनावरांच्या पाणवठ्याकडं सोडू नये.

मेंढपाळांनी विचारायला लाजू नये. "काय मारलंय, कधी मारलंय?" एवढंच. कोंबडी-डुकराचं किंवा गाईचं तयार खाद्य, खनिज मिश्रण मेंढीला देऊ नये, त्यात तांबं जास्त असू शकतं. कळपात एक मेंढी लाल मुतली तर बाकीच्यांचं यकृत भरलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवून लगेच डॉक्टरांना बोलवावं. यकृताची विकरं रक्तात वाढलेली आधीच दिसतात, म्हणजे बाकीचा कळप वाचवायला वेळ मिळतो. मॉलिब्डेनमची औषधं यावर चालतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची, मनानं नाही.

आणि मेंढी मेलीच तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्यावं. यकृत आणि मूत्रपिंडाचा तुकडा बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायला सांगावं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पोर्तुगालच्या मजुराचं दुखणं कळलं ते कुणीतरी यकृताचा तुकडा काचेखाली धरला म्हणून. तुर्कस्तानच्या मेंढीचंही तसंच. आपल्या मेंढीचा तुकडा तिथवर पोचत नाही तोवर ती गोचीड तापानंच मेली असं कागदावर राहणार.

खात्याकडं माझी मागणी साधी आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात कावीळ किंवा लाल लघवी होऊन मेंढी-शेळी मेली तर यकृतातलं तांबं तपासावं आणि फवारणीच्या वहीत जनावरांचा एक रकाना घालावा. कागदाची एक ओळ आहे, नवी योजना नको की निधी नको.

तुमच्या गावात असं काही झालं असेल तर इथं लिहा किंवा मला मेसेज करा. कुठला महिना, कुठल्या पिकाची बाग, काय फवारलं होतं, किती दिवसांनी जनावर आजारी पडलं, लघवीचा रंग काय होता, एवढं पुरे. कुणाचंही नाव, कुणाचीही बाग बाहेर येणार नाही. पंधरा-वीस नोंदी जमल्या की मी त्या एकत्र करून पशुसंवर्धन अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतो आणि पुढं काय झालं ते इथंच कळवतो.